उत्तरेचा उजेड आणि नारिंगी काच

हल्ली मुलं मला फोन करून विचारतात, "मॅडम, अधिक्रमण टिपायचंय, फिल्टर कोणता लावू?" मुलं हुशार असतात, त्यांच्या दुर्बिणी माझ्यापेक्षा मोठ्या असतात आणि घाईही मोठी असते. मी सरळ सांगते: निळा उजेड अडवणारी काच लाव, आणि ग्रह आडवा येणार असेल त्याच्या आधी, तो येणार नसेल अशा एका रात्री तोच तारा बघून घे. पहिलं वाक्य ती लिहून घेतात. दुसऱ्यावर "हो हो, मॅडम" म्हणतात. ते "हो हो" मला चांगलं ओळखू येतं, कारण एके काळी ते माझंच होतं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दूरच्या एखाद्या ताऱ्याभोवती ग्रह फिरत असतो. तो ग्रह तारा आणि आपण यांच्या मधून गेला, म्हणजे अधिक्रमण झालं, की ताऱ्याचा उजेड दोन-तीन तास किंचित उतरतो. किंचित म्हणजे शंभरातला एखाद-दीड भाग. ग्रह स्वतः कधीच दिसत नाही, दिसते ती एवढीशी घट. ती मोजायची तर आपल्या ताऱ्याचा उजेड शेजारच्या दोन-तीन ताऱ्यांशी सतत ताडून पाहावा लागतो. असलं काम मोठ्या वेधशाळांचं, असं आम्ही समजत होतो. मग कळलं की परदेशात लोक घराच्या अंगणातून करतात. झालं, माझ्या अंगात वारं शिरलं.

मी तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. लग्न केलं नव्हतं, घरात कुणाला उत्तरं द्यायची नव्हती. माझा एकच जोडीदार होता, बाजारातले कॅमेरा दुरुस्त करणारे चाचा. सगळं शहर त्यांना चाचाच म्हणायचं. गावोगावचे फोटोग्राफर त्यांच्याकडे कॅमेरे आणून टाकायचे. मग डिजिटल आलं आणि वर्ष-दोन वर्षांत त्यांचं टेबल रिकामं झालं. रिकामे हात त्यांना सोसत नव्हते. माझ्या सहा इंची दुर्बिणीचा आरसा आम्ही दोघांनी त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत घासला, जवळजवळ आठ महिने. त्या कुरकुर आवाजाला कंटाळून शेजारच्या शिंप्याने आपलं मशीन दुसऱ्या भिंतीकडे हलवलं.

दुर्बीण मांडायला जागा होती चाचांच्या भावाची, मोर्शी रस्त्याला, संत्र्याच्या बगिच्याच्या कडेला. ती वर्षं वऱ्हाडाला फार वाईट गेली. पेपरात रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्या असत, सकाळी तो कुठल्याच घरात कुणी मोठ्याने वाचत नसे. वीज कधी जाते यापेक्षा कधी येते हे लक्षात ठेवावं लागे, आणि पंपांची वीज आली तरी रात्री-बेरात्री यायची. लोक त्या अंधाराला शिव्या घालायचे आणि मी त्याच अंधारात खूश होऊन तारे मोजायचे. याची मला तेव्हाही लाज वाटायची आणि आजही वाटते. पण इतकं काळंभोर आभाळ मला पुन्हा मिळालं नाही, हेही खरं आहे. आज त्याच रस्त्याला ढाब्यांचे झगझगीत दिवे आहेत.

आणि याच वर्षांत बाबा माझ्याकडे राहायला आले.

बाबा अकोल्याला कापसाचे ग्रेडर होते. सरकारी खरेदी केंद्रावर शेतकरी गाडी घेऊन आला की बाबा गाडीत हात खुपसून मूठभर कापूस काढायचे, बोटांनी ताणायचे, उजेडात धरायचे आणि ग्रेड सांगायचे. त्या एका शब्दावर गाडीभर कापसाचं वर्ष ठरायचं. त्यांचे नियम होते. कापूस उत्तरेच्या खिडकीतल्या उजेडातच बघायचा, कारण तिथे ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. आणि कापूस एकटा कधीच बघायचा नाही. शेजारी पेटीतला ठरलेला नमुना ठेवायचा, मग बोलायचं. लहानपणी मी त्यांच्यासोबत केंद्रावर जायची. मोठमोठे मिशाळ लोक माझ्या बाबांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पुढे दिवस पालटले तसे तेच लोक त्यांना तोंडावर शिव्या देऊ लागले. भाव पडले, पाऊस अवेळी आला, खरेदीला उशीर झाला, सगळ्याचा राग समोर दिसणाऱ्या माणसावर निघायचा आणि समोर ग्रेडर दिसायचा. बाबा निवृत्त झाले, आई गेली, आणि ते दोन बॅगा व एक नमुन्याची पेटी घेऊन अमरावतीला आले. पेटी केंद्रातून मोडीत निघालेली होती. ती त्यांनी कपाटाच्या तळाशी ठेवली आणि पुन्हा उघडली नाही.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की बाबांनी मत देणंच सोडून दिलं होतं. भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तर म्हणायचे, "तू पाय." पडदा कोणत्या रंगाचा आणू? "तू पाय." ज्या माणसाने हजारो गाड्यांवर एका शब्दात निकाल दिला तो आता मिठावरही बोलेना. मला वाटलं, आई गेल्याचं दुःख आहे, निघेल हळूहळू.

मग आमचा ग्रह पकडायचं ठरलं. सायबर कॅफेत बसून मी एका ताऱ्याची वेळापत्रकं उतरवून आणली. फेब्रुवारीत एक अधिक्रमण रात्री नऊच्या सुमारास सुरू होणार होतं. तारा तेव्हा पश्चिमेला कलता असणार, शेवट झाडांमागे जाणार, पण सुरुवात तरी मिळाली असती. अमेरिकेतल्या एका चुलतभावाने वापरून झालेला दुर्बिणीचा कॅमेरा पाठवला होता. राहिला फिल्टर.

चाचांनी दुकानातला खालचा खण अख्खा उपसून टेबलावर ओतला. गोल पितळी कड्यांच्या काचा, कागदाच्या पुड्यांत गुंडाळलेल्या. "ये ले बेटा. पिवळा, नारिंगी, लाल. फोटो काळे-पांढरे होते तवा आभाळ गडद कराले हेच लावत होतो. आता कोनी विचारत नाई त्यायले." त्यांनी एकेक काच धोतराच्या मऊ तुकड्याने पुसली. काहींवर बुरशीची जाळी चढली होती, ती ते बाजूला ठेवत गेले. बाबा माझ्यासोबत सहज आले होते, दाराजवळच्या स्टुलावर बसले होते.

मी प्रत्येक काच खिडकीकडे धरून बघितली आणि खाली ठेवली. पिवळी थोडा उजेड खायची, नारिंगी जास्त, लाल तर निम्म्याहून अधिक. माझी दुर्बीण सहा इंची. मोठ्या मुश्किलीने गोळा केलेला उजेड काचेला का खाऊ घालायचा? "काही लावायचं नाही," मी सांगितलं. "उघडीच ठेवू."

तेव्हा स्टुलावरून बाबा बोलले. "माय, तुया तारा कोन्या रंगाचा हाय?"

"पांढरा. जरासा निळसर."

"आन सोबतचे?"

"तांबूस आहेत दोन. का?"

"तारा खाली उतरला का उजेड बदलते ना? सांजच्याले सूर्य तांबडा होते तसा. मंग निळसर आन तांबूस, दोघायचा उजेड सारखा कसा उतरन? नमुना त्याच रंगाचा पायजे, नाई तं उजेड तरी बांधून घ्या लागते."

इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा एवढी वाक्यं सलग बोलले होते. मी आनंदाने उडी मारायला हवी होती. मी काय म्हणाले ते मला अक्षरशः आठवतं. "बाबा, हा कापूस नाहीये."

चाचा एकदम काच पुसायला लागले, जी त्यांनी आधीच पुसली होती. बाबा म्हणाले, "बरं. तू पाय."

त्या रात्री बगिच्यात सगळं जमून आलं. वीज गेलेली, वारा पडलेला, ट्रॅक्टरची बॅटरी भरलेली. आम्ही आठपासून अकरापर्यंत फोटो घेतले. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मी एकेक मोजून आलेख काढला. सुरुवातीला ठिपके साधारण सरळ चालले होते आणि नऊनंतर खाली उतरत गेले, झाडांपर्यंत उतरतच गेले. मी प्रयोगशाळेत एकटीच ओरडले. चाचांना दाखवला तेव्हा त्यांनी दुकानाबाहेर येऊन शिंप्यापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना चहा सांगितला. चार दिवसांत स्थानिक पेपरात माझा फोटो आला, आमच्या प्राध्यापिकेने दूरचा ग्रह टिपला म्हणून. फोटोत माझे डोळे मिटलेले होते, तरी मी पाच अंक विकत आणले. प्राचार्यांनी विज्ञान दिनाला जाहीर सत्कार ठेवला.

घरी आलेख मी बाबांसमोर ठेवला. खरं सांगायचं तर त्यांना दाखवायला नव्हे, जिंकल्याचं सांगायला ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितला, बोट ठिपक्यांवरून फिरवलं. "उतरलं तं हाय," ते म्हणाले. "पन ग्रह येनार नाई अशा रात्री हे कसं दिसते?"

"अशा रात्री कशाला बघायचं? ग्रहच नसेल तर काय दिसणार?"

"तेच तं. काहीच नाई दिसलं पायजे."

मी चिडले. पण ते मनात रुतून बसलं, म्हणून नंतरच्या मोकळ्या रात्री मी बगिच्यात गेले. बाबाही "येतो" म्हणाले. त्यांना दाखवून द्यावं म्हणूनच मी त्यांना नेलं, हे कबूल करते. त्या रात्री ग्रह ताऱ्याच्या पार दुसऱ्या बाजूला होता. तोच तारा, त्याच वेळा, तसेच फोटो. या वेळी मी जुना लॅपटॉप सोबत नेला होता आणि तिथेच खाटेवर बसून मोजत गेले. चाचा कंदिलाच्या उजेडात आकडे वाचून दाखवत होते.

नऊनंतर ठिपके खाली उतरायला लागले. तसेच. हुबेहूब म्हणवत नाही, पण जवळजवळ तेवढेच. ग्रह नव्हता आणि घट होती.

तारा खाली जाईल तसा जाड हवेने त्याचा निळा उजेड जास्त खाल्ला होता. तांबूस शेजाऱ्यांचा कमी खाल्ला होता. मी जो ग्रह म्हणून पेपरात छापून आणला तो बराचसा वऱ्हाडच्या धुळीचा होता. पहिल्या रात्रीच्या घटीत खरा ग्रहही असणार, पण त्यात ग्रह किती आणि हवा किती हे मला सांगता येत नव्हतं. माझी पाचावर धारण बसली. सत्कार तीन दिवसांवर होता.

चाचांनी कंदिलाची वात कमी केली. "बेटा, किसको समझेगा? अर्धा ग्रह तरी असनच त्यात. सत्कार घे, मंग पुढच्या खेपेले नीट करू." ते प्रेमाने म्हणत होते. आणि मला ते पटत होतं, हे महत्त्वाचं. मी मनातल्या मनात भाषणही बदलायला घेतलं होतं, "प्राथमिक निरीक्षण" वगैरे शब्द घालून.

बाबा खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. ते माझ्याशी बोलले, पण बघत होते बगिच्याकडे.

"एका सांजेले आभाळ आलं होतं," त्यांनी सुरुवात केली. "केंद्रावर गाड्यायची रांग. लोक तीन-तीन दिवस थांबलेले. पाऊस आला तं सगळ्यायचा माल जाईन, म्हनून जो तो ओरडून राहिला होता. अंधार पडला. मी म्हनलं, आता सकाळी. तवा एकच गाडी राहिली होती, तेल्हाऱ्याकडचा कास्तकार. मले त्याची दया आली. नमुन्याची पेटी आत कुलपात गेली होती. खांबावर तो पिवळा दिवा होता ना, त्याच्याखाली मी कापूस हातात घेतला. मले पिवळा दिसला. मी ग्रेड उतरवला."

चाचांनी कंदील जवळ ओढला.

"तो काही बोलला नाई. गाडी खाली करून गेला. मले रातभर झोप नाई. दुसऱ्या दिवशी सांजेले पेटी बाहेर काढली आन आपला नमुना, पांढराफेक, त्याच दिव्याखाली धरला. तोही पिवळा दिसला."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. त्याचा कापूस गंजीत मिसळला होता. कोनता त्याचा आन कोनता दुसऱ्याचा. मी पेटी बंद केली. कोनाले नाई सांगतलं."

"काहून नाही सांगितलं, बाबा?" माझ्या तोंडून आपसूक त्यांची भाषा गेली.

"रोज शंभर लोक शिव्या देत होते. सगळ्या खोट्या. त्याच्यात एक खरी होती. ते कोनाले सांगू?" मग ते माझ्याकडे वळले. "तू सांगून टाक, माय. अजून गंजीत नाई मिसळलं तुयं. मी आठ वर्सं कोनतीच गोष्ट डोये उघडून पाह्यली नाई."

तेव्हा मला मीठ आणि पडदे आणि "तू पाय" हे सगळं कळलं. मी त्यांना कापूस नाहीये म्हणाले होते. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

विज्ञान दिनाला सभागृह भरलं होतं. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात, शेजारी चाचा. शाल आणि नारळ टेबलावर मांडून ठेवलेले. मी माइकपुढे जाऊन दोन्ही रात्रींचे आलेख पडद्यावर दाखवले आणि म्हणाले, की मी ग्रह टिपला असं सांगणं चूक होतं, काय टिपलं ते मला ठाऊक नाही, आणि ही चूक माझ्या लक्षात माझ्या वडिलांनी आणून दिली, जे कापसाचे ग्रेडर होते. सभागृहात टाळ्या वाजवाव्यात की नाही कुणाला समजेना. प्राचार्य खाकरले. पेपरवाल्याने वही मिटली. शाल आणलेलीच होती म्हणून ती मला देण्यात आली, आणि ती घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचांनी एकट्यानेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग मागच्या पोरांनी. बाबांनी वाजवल्या नाहीत. ते नुसते माझ्याकडे बघत होते, आणि मान हलवत होते.

त्यानंतरचे तीन-चार आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, असं आज वाटतं. कॉलेजात लोक माझ्याकडे जरा सांभाळून बघायचे, पण संध्याकाळी घरात नुसती गडबड असायची. चाचा बुरशी नसलेल्या तीन काचा घेऊन घरी यायचे, पिवळी, नारिंगी आणि लाल. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला होती. बाबांनी कपाटातून पेटी काढली, ओट्यावर नमुने मांडले आणि प्रत्येक काचेतून ते बघत बसले. पोळ्या करायला मला जागा उरायची नाही. मी कुरकुरले की चाचा म्हणायचे, "बेटा, आज खिचडी चालन. सायेब कामात हायेत."

मी एकदा बाबांना म्हटलं, "तुमच्या नियमाप्रमाणे तर कुठलीच काच नको. रंगीत काचेतून रंग कसा कळेल?"

ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "आमाले रंग पाहाचा होता. तुले रंग टाकाचा हाय. तुले फक्त उजेड किती ते पायजे. जो रंग खोटं बोलून राहिला तो काढून टाक, राहील त्याच्यावर बोल." मी दहा वर्षं फिजिक्स शिकवत होते आणि फिल्टर कशासाठी लावतात हे मला इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

मग ग्रह नसलेल्या रात्री निवडून आम्ही एकेक काच लावून बघितली. पिवळी लावली तर उतार कमी झाला, पण उरलाच. तिच्यातून थोडा निळा उजेड निसटत होता, काच जुनी होऊन विटली असावी. लाल लावली तर उतार गेला, पण उजेड इतका थोडा उरला की ठिपके वर-खाली उड्या मारायला लागले. शंभरातला एखाद-दीड भाग त्यांच्यात कुठे शोधायचा? फोटो जास्त वेळ घ्यावा तर माझी घरगुती मोटर तारा धरून ठेवत नव्हती. शेवटी नारिंगी लावली. आठ वाजले, नऊ वाजले, तारा झाडांवर येऊन टेकला, आणि लॅपटॉपवर ठिपके एका रेघेत चालत राहिले.

"आमच्या मोर्शीच्या संत्र्याचाच रंग निंघाला शेवटी," चाचा म्हणाले. "येच पह्यले लावलं असतं तं?"

बाबा पडद्याला नाक लावून बसले होते. "सरळ हाय," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "पाय ना, सरळ हाय." काहीही न घडलेल्या त्या रात्रीवर माझ्या बाबांनी निकाल दिला होता. मी कंदिलामागे सरकले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि चाचांनी ते बघितलं असतं तर दुसऱ्या दिवशी शिंप्याला सांगितलं असतं.

त्यानंतर दोन दिवसांनी मी उठले तर बाबा आंघोळ करून तयार. म्हणाले, तेल्हाऱ्याकडे जाऊन येतो. मी रजा काढते म्हटलं तर नको म्हणाले. त्या कास्तकाराचं नाव आणि गाव त्यांना इतक्या वर्षांनंतरही पाठ होतं. सकाळच्या एसटीने गेले. मी त्या दिवशी वर्गात काय शिकवलं देव जाणे. तो माणूस जिवंत असेल का, अंगावर धावून जाईल का, गावात चार लोक जमवेल का, नाही नाही ते मनात येत होतं. त्या वर्षांत असं काहीही मनात यायचं.

दिवेलागणीला बाबा परत आले. धुळीने माखलेले, थकलेले. पाणी प्यायले आणि स्वयंपाकघरातल्या पाटावर बसले.

"भेटला," ते म्हणाले. "हाय बरा. आता सोयाबीन लावते. मले पाह्यलं आन उठून उभा राह्यला. खाट टाकली, चहा सांगतला. मी शिव्या खाले गेलो होतो, त्यानं चहा पाजला."

"तुम्ही सांगितलं त्यांना?"

"सांगाले लागलो तं त्यानंच माये पाय धरले. म्हने, सायेब, मलेच माफ करा. त्या दिवशी त्यानं खाली सारा भिजलेला कापूस भरला होता, शेवटच्या येचनीचा, पिवळा. वरून पांढरा पसरला. आन अंधार व्हाची वाट पाह्यत मुद्दाम मांगं राह्यला होता. दोन गाड्या सोताहून पुढं जाऊ देल्या. मी ग्रेड उतरवला तवा त्याले वाटलं, या मानसाले अंधारातबी दिसते. साऱ्या गावाले सांगत आला हाय आजलोक, का असा ग्रेडर पाह्यला नाई म्हनून."

मी उडालेच. "म्हणजे तुमचा ग्रेड बरोबर होता! बाबा, तुम्ही चुकलाच नव्हता!"

"बरोबर निंघाला," बाबा म्हणाले. "मी पाह्यला नव्हता. मी त्याले हात जोडून सांगतलं, बापू, मले त्या दिव्यात काही म्हंजे काहीच दिसलं नव्हतं. तो हासला. म्हने, सायेब, हा तुमचा मोठेपना हाय."

गॅसवर कुकरची शिटी झाली, मी गॅस बंद केला.

"त्याले माफ करून आलो," बाबा म्हणाले. "आता मले कोन करन?"

मी करते, असं मी म्हणायला हवं होतं. जवळ बसून त्यांचा हात हातात घ्यायला हवा होता. मी म्हणाले, "हात धुऊन घ्या, वरण गार होतंय." ते उठले, हात धुतले, आणि जेवले.